खालच्या बेटावरची सुसर

नीलम्मा उदगीरहून नांदेडला आली, त्या वर्षी तिला येळवशीच्या दिवशी रडताना चंद्रप्रभेनं पाहिलं. तिथून त्यांची मैत्री सुरू झाली.

तेव्हा नांदेडवर निजामाचा अंमल होता. नीलम्माच्या नवऱ्यानं, गुरुपादप्पानं, मोंढ्यात धान्याची आडत घातली होती आणि वकील रेणुकादासरावांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं होतं. उदगीर-लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला कुणी घरात जेवत नाही. गावंच्या गावं शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभारतात, पाच दगड चुन्यानं रंगवून पुजतात आणि शेंगा-दाण्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं पोटभर खाऊन उन्हात लोळतात. तीच येळवस. नांदेडात नीलम्माला शेतच नव्हतं. तिनं आंबील केली, भज्जी केली आणि सगळं झाकून ठेवून ती मागच्या अंगणात रडत बसली. वकिलांच्या बायकोनं, चंद्रप्रभेनं, ते भिंतीवरून पाहिलं.

"शेत नसलं म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "गोदावरीत बेटं आहेत की. ऊठ, घे ते मडकं."

ग्यानोबा भोयाच्या नावेतून त्या दोघी वरच्या बेटावर गेल्या. घाटापासून जवळ, एक उंबर, थोडं गवत, बाकी खडक. तिथं त्यांनी पाच दगड मांडले. नीलम्मानं पान वाढलं आणि मग ती एकदम थबकली. वकिलांच्या घरी रेणुकादासरावांच्या विधवा आत्याबाई होत्या, त्यांनीच भाच्याला लहानाचं मोठं केलेलं. त्यांचं सोवळं कडक. लिंगायताच्या घरचं शिजवलेलं अन्न त्या घरात चालणार नव्हतं, हे नीलम्माला ठाऊक होतं.

चंद्रप्रभेनं पान पुढं ओढून घेतलं. "वाढ गं. इथं आत्याबाई पोहत थोड्याच येणार आहेत!"

त्या वर्षापासून आठ वर्षं येळवशीला त्या दोघी त्याच बेटावर गेल्या. वर्षातून तेवढा एकच दिवस चंद्रप्रभा नीलम्माच्या हातचं जेवायची. घरी आल्यावर कुणाला काही सांगायची नाही. आपण नीलम्मासाठी केवढी मोठी गोष्ट करतो, असं तिला मनातून वाटायचं, आणि नीलम्मालाही ते वाटत असणारच, अशी तिची खात्री होती.

नवव्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले, शरदचंद्र. त्यांची बायको सौदामिनी हैदराबादची. वय पंचवीसच्या आतबाहेर, बोलणं मोकळं, डोक्यावरचा पदर सारखा खांद्यावर यायचा. ऐन दिवाळीत नीलम्माच्या मुलीला मुदतीचा ताप आला. चंद्रप्रभेच्या घरी जावयाची पहिली दिवाळी होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. ती दिवसातून दोनदा दारापर्यंत जायची, विचारपूस करून परतायची. सौदामिनी मात्र तीन दिवस पोरीच्या उशाशी बसली. पोर वाचली. नीलम्माच्या तोंडी तेव्हापासून सौदामिनीशिवाय दुसरं नाव नव्हतं.

"अक्का, सौदामिनी असं म्हणती. अक्का, सौदामिनीनं मला लोकरीचं विणायला शिकवलं. अक्का, सौदामिनीच्या घरी बघ, चहाला सुद्धा किटली हाय."

पहिले दोन आठवडे सौदामिनी 'डॉक्टरीणबाई' होती. नंतर एकेरीवर आली. चंद्रप्रभा आठ वर्षं 'अक्का'च होती आणि तिला ते आवडायचं, पण आता तो शब्द तिला थोडा म्हातारा वाटायला लागला.

येळवशीला दहा दिवस उरले होते. चंद्रप्रभा दुपारी विड्याची पानं घेऊन नीलम्माकडे गेली. दाराशीच तिला आतून हसणं ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. चुलीपुढं नीलम्मा भाकरी थापत होती आणि तिच्या शेजारी, मांडीला मांडी लावून, सौदामिनी बसली होती. तव्यावरून उतरलेली भाकरी, वर कारळाची चटणी. ती फुंकर मारत खात होती. नीलम्माच्या ताटातूनच.

चंद्रप्रभा त्या उंबऱ्याच्या आत कधीच गेली नव्हती.

"ये की अक्का," नीलम्मा म्हणाली. तिच्या गालाला पीठ लागलं होतं. "बरं झालं आलीस. सौदामिनीला म्हणून राहिले होते, यंदा बेट तूच निवड."

"बेट?"

"येळवशीला. ती बी येणार हाय ना आपल्यासंगं."

सौदामिनी घास गिळून म्हणाली, "मला ते खालचं आवडलं. घाटावरून दिसतं बघा, लांबलचक, पांढऱ्या वाळूचं. पाखरं किती उतरतात तिथं! वरचं तर इवलंसं आहे. आणि त्या उंबराखाली मुंग्या असणार, नाही का?"

उंबराखाली मुंग्या होत्या. दर वर्षी असायच्या. चंद्रप्रभा आणि नीलम्मा दर वर्षी त्यांच्यावर घरून नेलेली राख टाकायच्या आणि दुसऱ्या अंगाला बसायच्या. कुणी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

"खालच्या बेटावर सुसर आहे," चंद्रप्रभा म्हणाली.

हे बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर ते अगदी खरं असल्यासारखं वाटलं.

नीलम्माचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"घाटावर बायका बोलत होत्या. उन्हाला वाळूत येऊन पडते म्हणे."

सौदामिनीनं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "मग वरचंच बरं."

चंद्रप्रभा घरी आली ती हलकी होऊन. तिला वाटलं, विषय मिटला.

पण नीलम्मानं ते नवऱ्याला सांगितलं. गुरुपादप्पानं आडतीवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी रेणुकादासराव कचेरीतून आले आणि हातपाय धुता धुताच म्हणाले, "ऐकलंत का? गोदेत सुसर आली आहे. पेशकारसाहेब सांगत होते, दहा हात लांब आहे. कुणाचं तरी करडू ओढून नेलं."

"कुणी पाहिली?" चंद्रप्रभेनं विचारलं.

"सगळं गाव बोलतंय, म्हणजे कुणीतरी पाहिलीच असणार."

पाचव्या दिवशी ग्यानोबा भोयाच्या साडूनं ती डोळ्यांनी पाहिली. सहाव्या दिवशी तिला पिल्लं झाली. चंद्रप्रभेला आधी हसू आलं, मग कसंसंच वाटायला लागलं. एकदा घाटावर पाय धुताना पाण्यात काही तरी हललं आणि तिनं स्वतःच झटकन पाय वर घेतला.

येळवशीच्या सकाळी तिघी निघाल्या. नीलम्माच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, त्यावर घोंगडीची घडी. सौदामिनीनं एक सतरंजी आणली होती. ग्यानोबानं नाव नेमकी वरच्या बेटाला लावली. चंद्रप्रभेला हवं तसं झालं होतं, तिनं निवडलेलं बेट, तिनं निवडलेली जागा. पण उतरल्यापासून तिच्या वाट्याला काहीच येईना. दगड सौदामिनीनं गोळा केले, कारण तिला ते नवं होतं. चुना नीलम्मानं तिच्या हातानं लावून घेतला. कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या करून कोप कशी बांधायची, ते नीलम्मा तिला दाखवत राहिली, आणि सौदामिनीची कोप दोनदा पडली तेव्हा दोघी गवतात बसून पोट धरून हसल्या. चंद्रप्रभा उंबराला टेकून पानांच्या पत्रावळी पुसत होती. एकेक पान दोनदा पुसलं तिनं.

नीलम्मानं पहिला उंडा उचलला, भज्जीत बुडवला आणि सौदामिनीच्या तोंडात घातला.

"नवी पावणी," ती म्हणाली.

मग तिनं चंद्रप्रभेला वाढलं. भरपूर वाढलं, नेहमीसारखंच. भज्जीत चिंच होती, शेंगदाणे होते, हिरव्या हरभऱ्याचे कोवळे दाणे होते, आणि चंद्रप्रभेला चव लागेना. शेजारी सौदामिनी "अरे वा, अरे वा" करत खात होती. ते इतकं खरं होतं की चंद्रप्रभेला त्यात खोट काढता येईना. तेवढ्यात सौदामिनीला मुंगी चावली. चंद्रप्रभेनं ते मनातून मागितलं होतं. पण सौदामिनी उडी मारून उठली, एका पायावर नाचली आणि स्वतःच हसली, आणि नीलम्मानं हसत हसत तिच्या पायावर राख चोळली.

परत येताना नाव प्रवाहात थोडी खाली ओढली गेली. तिथून खालचं बेट सरळ दिसत होतं. चंद्रप्रभेला काही तरी वेगळं वाटलं, मग लक्षात आलं. दर वर्षी त्या बेटाच्या काठाला भोयांच्या बायका वाकलेल्या दिसायच्या. वाळूत आळी करून त्या टरबुजाचं बी लावायच्या आणि रोज घागरींनी पाणी घालायच्या. आज तिथं फक्त बगळे होते.

"कुणी दिसत नाही ग्यानोबा," ती म्हणाली.

"सात-आठ दिस झाले बाई, कुनी फिरकलं न्हाई." ग्यानोबानं वल्हं थांबवलं नाही. "बाया पान्यात पाय घालंनात. माझी गयाबाई रोज काठावर जाऊन बसती अन् निसती बघती. वेल आता कुठं चार पानांवर आले हायत. आळी वाळून चालली. त्या वेलांवर आमचा उन्हाळा निघतो, बाई."

"काही करता येणार नाही का?" सौदामिनीनं विचारलं.

"तहसिलीत अर्जी दिली हाय. साहेब शिकारी धाडतो म्हनला. कवा धाडतो, द्येव जाणे."

नीलम्मानं चंद्रप्रभेचा हात हातात घेतला. त्या दिवसात पहिल्यांदाच. "बरं झालं अक्कानं आधीच सांगितलं. न्हाईतर आपण तिथंच गेलो असतो."

चंद्रप्रभेनं हात सोडवून घेतला नाही. घाट येईपर्यंत तो तसाच होता आणि तिला तो सारखा जड होत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटावर गेली. खरंच, खालच्या अंगाला गयाबाई बसलेली होती, मोकळी घागर मांडीशी घेऊन. ग्यानोबा नावेतलं पाणी उपसत होता.

"ग्यानोबा, मला खालच्या बेटावर ने."

"सकाळी सकाळी चेष्टा करता व्हय?"

"तिथं सुसर नाही."

"तुमाला काय ठावं?"

"कारण मीच उठवलं ते. मला तिथं जायचं नव्हतं, म्हणून मी खोटं बोलले."

एवढं बोलायला तिला सारी रात्र लागली होती. ग्यानोबा मान मागं टाकून हसला. "बाई, तुमी मोठ्या मनाच्या. आमचा धीर वाढवायला म्हणून राहिल्या, कळतंय मला. पर माझ्या साडूनं डोळ्यांनी बघितली. ह्ये येवढं तोंड."

"तुझा साडू खोटं बोलतो."

"त्यो कशाला खोटं बोलंल?"

चंद्रप्रभा गयाबाईकडे वळली. गयाबाई तिच्याकडे टक लावून पाहत होती. हसत नव्हती.

"खरं सांगता?" गयाबाईनं विचारलं.

"हो."

"शपथ घ्या."

"तुळशीची शपथ."

गयाबाई उठली. "चला मग," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी नका उतरू. नावंतच बसा."

बेटाच्या काठाला नाव लागली. ओळीनं आळी होती, शंभराच्या वर. आळ्यांतली वाळू कोरडीठाक पडली होती. काही वेल करपून काळे झालेले, काहींची पानं मिटून देठाशी लोंबत होती. गयाबाई एकेका आळ्याशी वाकून बोटानं वाळू उकरून बघत होती. तिनं चंद्रप्रभेला शिवी दिली नाही. घागर घेऊन ती पाण्यापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. पाऊल उचलेना.

चंद्रप्रभेनं तिच्या हातातून घागर घेतली. लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यात उतरली. तळ सरकत होता. आपणच रचलेली गोष्ट आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी एकेक पाऊल ती आधी चाचपून टाकत होती. दहा दिवस साऱ्या गावानं त्या सुसरीला हातपाय दिले होते, दात दिले होते, पिल्लं दिली होती. घागर बुडवली तोच पायापाशी काही तरी सळकन गेलं. ती किंचाळली आणि पाण्यात बसली. घागर वाहत निघाली.

"मासा हाय बाई, मासा!" गयाबाई ओरडली. आणि हसत हसत ती स्वतःच पाण्यात शिरली, घागर धरायला. कमरेपर्यंत गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पाण्यात आहोत.

दुपार होईतो दोघी पाणी घालत राहिल्या. घाटावरून लोक पाहत होते. तिसऱ्या प्रहरी भोईवाड्यातल्या आणखी चार बायका आल्या, मग सात. निम्मे वेल गेलेच होते. त्या आळ्यांत पुन्हा बी टाकावं लागलं, आणि ते पुढं उशिरानं आलं.

चंद्रप्रभा ओल्या लुगड्यानं घरी पोचायच्या आत गावात बातमी पोचली होती, वकिलीणबाई सुसरीच्या पाण्यात उतरल्या. रेणुकादासराव दारात उभे होते. चेहऱ्यावर अभिमान, वर थोडी भीती. आत्याबाई आतून म्हणाल्या, "आधी अंघोळ करा म्हणावं." तेवढ्यात नीलम्मा धावत आली. तिनं भर दारात चंद्रप्रभेला मिठी मारली.

"अक्का! आमचे मालक आडतीवर सगळ्यांना सांगून राहिलेत, माझ्या बायकोची मैत्रीण हाय म्हणून. तुला भ्या नाही वाटलं?"

किती दिवसांनी नीलम्मा अशी पाहत होती! नुसती तिच्याकडेच. चंद्रप्रभेला वाटलं, हे असंच राहू द्यावं. ग्यानोबाला सांगून झालं आहे. त्याला पटलं नाही, तर त्यात आपला काय दोष? असा सगळा विचार तिनं केला, ओल्या पदराला पीळ देत. मग ती नीलम्माला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि सांगितलं.

नीलम्माला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती दोन पावलं मागं सरकली.

"कशापायी?"

"तू तिला बेट निवडायला सांगितलंस."

"तेवढ्यापायी?"

"ती तुझ्या चुलीपाशी बसली होती. तुझ्या ताटात खात होती. आठ वर्षं मी तुझ्यासाठी, घरच्यांना चोरून..."

"चोरून," नीलम्मा म्हणाली. "व्हय. आठ वर्षांत आठ दिवस, चोरून. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, भूक लागली, काय केलंस? मला किती बरं वाटलं, तुला कसं सांगू अक्का. तू माझ्या उंबऱ्यावरून पानं देऊन जातीस. मी कधी काही म्हणलं का? म्हणलं, तुझं घर तसं हाय, तू काय करणार. पण तू ते माझ्यावरचे उपकार म्हणून मोजून राहिलीस, हे मला न्हवतं ठाऊक."

ती निघून गेली. भिंतीपलीकडं तिचं दार लागल्याचा आवाज आला.

पंधरा दिवस ती बोलली नाही. संक्रांतीला वाण घेऊनही आली नाही. तिच्याऐवजी सौदामिनी आली, तिळगूळ घेऊन. ओसरीवर बसली आणि इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "चंद्रप्रभाबाई, मला त्याच दिवशी कळलं होतं. सुसरीचं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? इथं मला ओळखणारी एकटी नीलम्मा. तिची मैत्रीण खोटी पाडून मी कुठं जाणार होते? भोयांचं असं होईल, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. बिलकुल आलं नाही. तेवढं मलाही लागतंच."

तिनं ते साधेपणानं सांगितलं. ती भांडली असती तर चंद्रप्रभेला सोपं गेलं असतं. सौदामिनी गेल्यावर ती कितीतरी वेळ तिळगुळाच्या वाटीकडे पाहत बसली. ही बाई आपल्यापेक्षा चांगली आहे, हे तिला दिसत होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई पोथी वाचत होत्या. चंद्रप्रभा त्यांच्या समोरून, त्यांना दिसेल अशी, बाहेर पडली. जाताना म्हणाली, "मी नीलम्माकडे जेवायला चालले आहे."

आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"जेवायला," चंद्रप्रभा म्हणाली.

नीलम्मा चुलीपुढंच होती. चंद्रप्रभा उंबरा ओलांडून आत गेली आणि जमिनीवर बसली. नीलम्मानं वर पाहिलं नाही. तिनं एक भाकरी तव्यावरून काढली, ताटलीत ठेवली आणि पुढं सरकवली. वर तेल घातलं, चटणी घातली. कांदा बुक्कीनं फोडून ठेवला.

चंद्रप्रभा खाऊ लागली. भाकरी गरम होती, बोटं पोळत होती. दुसरी भाकरी थापताना नीलम्मा म्हणाली, "आत्याबाईंना ठाऊक हाय?"

"सांगून आले."

नीलम्माचा हात परातीत थांबला, मग पुन्हा फिरू लागला. "आता त्या तुझ्या हातचं पाणी घेणार न्हाईत."

"नाही घेणार."

तसंच झालं. आत्याबाईंनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली आणि त्या वर्षी होळीपर्यंत त्या चंद्रप्रभेशी फक्त भिंतीकडे बघून बोलत होत्या. रेणुकादासराव दोन्हीकडे थोडं थोडं जेवायचे आणि दोन्हीकडे मीठ कमी आहे म्हणायचे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी दुसरी भाकरी तव्यावर फुगत होती, तेवढ्यात अंगणातून सौदामिनीची हाक आली आणि नीलम्माचा चेहरा उजळला. चंद्रप्रभेला पुन्हा तेच टोचलं, पहिल्यांदा या उंबऱ्याशी टोचलं होतं तसंच. हे जाणार नाही, इतक्यात तरी नाही, हे तिला कळलं. ती उठली नाही. समोरची भाकरी तिनं पूर्ण संपवली, आणि सौदामिनी आत आल्यावर नीलम्माच्या आधी तीच म्हणाली, "बसा. गरम आहेत."